एक सीट रिकामी

झॉम्बींच्या खेळात आमच्या घरची कप्तान मी, आणि हे मी मिरवतेसुद्धा. टीव्हीचा पडदा एकच, त्याचे तीन भाग: एकात मी, एकात धाकटा भाऊ, एकात बाबा. भाऊ दिवसभर मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतो, त्यामुळे खेळातही त्याच्या पायाला भिंगरी. झॉम्बी दिसले की हा सुसाट पुढे, आणि दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या तावडीत सापडला की, "ताई, वाचव गं!" मी वाचवते. "कुणी एकट्यानं पुढे पळायचं नाही," हे ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. शेजाऱ्यांनाही ते पाठ झालं असेल.

शेवटचा टप्पा मात्र आम्हाला कधीच जमला नव्हता. शहराबाहेर नेणारी व्हॅन गाठायची आणि निघायचं. एकजण जरी जिवंत बाहेर पडला तरी टप्पा पार.

रविवारी दुपारी भाऊ फणकाऱ्यानं म्हणाला, "तू प्रत्येकासाठी मागे फिरतेस, म्हणून आपण मरतो. आज हरलो तर कप्तान मी."

"चालेल," मी म्हणाले. हरायचा माझा विचारच नव्हता.

आणि त्या दिवशी मी फौज अशी काही हाकली की विचारू नका. औषधाची पेटी सापडेल त्याला नाही, ज्याला जास्त लागलंय त्याला. गोळ्या जपून, पाठीला पाठ लावून आम्ही व्हॅन गाठली. बाबा स्टिअरिंगवर बसले, भाऊ मागे चढला, आणि अगदी दारापाशी झॉम्बींनी मला पाडलं.

"निघा!" मी ओरडले. "मला सोडा, टप्पा पार होतोय!" माझी कप्तानकी शाबूत राहत होती, खोटं कशाला बोलू?

व्हॅन हलेना.

"बाबा, काढा ना गाडी!" भाऊ किंचाळला.

बाबांची सगळी नोकरी बस चालवण्यात गेली. त्यांनी कंट्रोलर शांतपणे मांडीवर ठेवला. "पॅसेंजर खाली असताना मी गाडी काढत नाही."

"अहो बाबा, हा खेळ आहे!"

"म्हणून काय झालं? एक सीट रिकामी आहे."

भावानं कपाळावर हात मारला. आता हा बाबांचा कंट्रोलर हिसकावणार, असं मला वाटलं. पण त्यानं व्हॅनमधून खाली उडी मारली, तोंडानं बडबड करत माझ्यापर्यंत आला आणि मला उभं केलं. तेवढ्यात सगळा लोंढा आमच्यावर कोसळला, मग व्हॅनवर. तिघंही खलास.

मला हसू आवरेना. जिंकून एवढा आनंद झाला नसता. "घे रे, कप्तान तू," मी म्हणाले.

तो सावरून बसला. "पुन्हा लाव. ताई मधे, बाबा मागे. आणि कुणी एकट्यानं पुढे पळायचं नाही."

खेळ सुरू झाला. समोर गल्ली मोकळी दिसली आणि मला काय खाज सुटली कोण जाणे, मी सुसाट सुटले.

"ताई, मागे फिर!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. मी वळून बघते तर दोघंही माझ्याकडेच धावत येत होते.