कॉलमच्या पोटातला पाइप

मॉडेलमध्ये बेचाळीस खाटा होत्या, वरखाली दोन-दोन, शिड्यांसकट. खिडक्यांना पडदे होते. दाराशी कुंड्या, कुंड्यांत फुलं, आणि फुलांना चक्क पाकळ्या. मुकोनोच्या मुलींच्या शाळेचं ते तीन मजली वसतिगृह कॉम्प्युटरवर गर्रकन फिरवलं की देणगीदार खूश होत. म्हणून इंजिनिअर लुबेगांनी हाताखालच्या शिकाऊ नज्जेम्बाकडून हे सगळं हौसेनं घालून घेतलं होतं. नव्हते ते फक्त पावसाच्या पाण्याचे पाइप.

"पाइप म्हणजे प्लंबरचं काम," ते म्हणाले होते. "भार पेलतं तेवढंच आपण मांडायचं. मॉडेल हलकं ठेव."

फुलं कुठला भार पेलतात, हे तेव्हा तिनं विचारलं नाही. प्रशिक्षणाच्या वहीत त्यांची शेवटची सही राहिली होती. ती मिळाली की तिला स्वतःच्या नावावर काम करता येणार होतं.

आणि आज सकाळी साइटवर गेली, तर तळमजल्याच्या चारही कोपऱ्यांतल्या सळयांच्या पिंजऱ्यांत एकेक करडा पाइप तारेनं बांधून उभा! एका कॉलमला शटरिंगच्या फळ्याही लागल्या होत्या. काँक्रीट दोन वाजता येणार होतं.

"सेबो, हे काय?" तिनं मुकादम वालुसिम्बींना विचारलं. इथे पुरुषाला आदरानं सेबो म्हणतात, बाईला न्याबो.

"पाइप, न्याबो. तुमच्या युनिव्हर्सिटीत नसतो का?"

"कॉलमच्या पोटात?"

"मग काय डोक्यावर? बाहेर लावला की शेळ्या अंग घासतात, उन्हानं तडकतो, नाहीतर कुणीतरी उपटून नेतं. तीस वर्षं पोटातच घालतोय." त्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी तिच्यापुढे धरली. "बाहेर दाखवला असतात तर बाहेर लावला असता. कुठेच नाही दाखवलात. तुमच्या कागदावर पाऊस पडत नाही वाटतं?"

गवंडी खो खो हसले. नज्जेम्बाच्या अंगाची लाही लाही झाली, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवरच. आपण जागा मोकळी सोडली की ती मोकळी राहत नाही. रिवाज येऊन बसतो तिथे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसून ती कंपालाच्या ऑफिसात परतली आणि आधी पाइप मॉडेलमध्ये घातला. तेवीस सेंटिमीटरच्या चौकोनी कॉलममध्ये अकराचा पाइप, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गायब. जमिनीलगत त्याचा कोपर वळून बाहेर पडत होता, तिथे तर कॉलम अर्धाच उरत होता. सगळ्यात जास्त भार नेमका तिथेच. चारही कोपरे खालून लालभडक झाले.

लुबेगा डब्यातलं कटोगो खात होते. पडद्याकडे पाहून त्यांचा घास थांबला.

"काढून टाक ते."

"हो ना! मी आत्ता फोन करते साइटवर."

"साइटवरून नाही गं. मॉडेलमधून."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सगळी कंपाला अशीच उभी आहे," ते म्हणाले. "इतक्या बारकाव्यात गेलीस तर एक इमारत पुरी व्हायची नाही. शाळा सुरू व्हायला सहाच महिने उरलेत."

"बारकावा? सर, तुम्ही माझ्याकडून पाकळ्या रेखाटून घेतल्यात! तीन दिवस मी पाकळ्या काढल्या. आणि कॉलमला पडलेलं भोक तेवढं बारकावा?"

"आवाज खाली."

"तळमजल्यावर पहिल्या वर्षाच्या मुली निजणार आहेत. बारा-बारा वर्षांच्या. घर सोडून पहिल्यांदाच आलेल्या."

"देणगीदारांना जुनंच मॉडेल पाठव. नाहीतर सही दुसऱ्या कुणाकडून घे." त्यांनी तिची वही टेबलाच्या कडेला सरकवली.

नज्जेम्बानं वही उचलून बॅगेत टाकली. मग लुबेगांच्या समोरच त्या लाल कोपऱ्याचा फोटो काढून वालुसिम्बींना पाठवला आणि स्पीकरवर फोन लावला.

"हे लाल काय आहे, न्याबो?"

"तिथे कॉलम चिरडला जाईल."

"तीस वर्षांत माझा एक कॉलम..."

"तीस वर्षांत असल्या कॉलमवर किती मजले चढवलेत, सेबो?"

पलीकडे फळ्या ठोकल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"एक," वालुसिम्बी म्हणाले. "दोन, फार तर. मग पाइप बाहेर कुठे लावू, ते काढून द्या. नुसती रेघ नको. क्लॅम्प किती अंतरावर, शेळ्यांचं काय, सगळं."

"सगळ्यांचं डोकं खराब करतेयस," लुबेगा म्हणाले. "क्लॅम्प! शेळ्या! स्ट्रक्चरल मॉडेलमध्ये!"

"हो, शेळ्यासुद्धा," ती म्हणाली आणि काढायला बसली. भिंतीबाहेरून पाइप, दर मीटरला क्लॅम्प, खाली कमरेएवढी विटांची आडभिंत. तासाभरात कागद घेऊन ती पुन्हा बोडावर बसली.

ती पोचली तेव्हा काँक्रीटचा ट्रक फाटकाशी गुरगुरत होता आणि ड्रायव्हर वालुसिम्बींना शिव्या घालत होता. तीन पाइप चिखलात आडवे पडले होते. चौथ्याच्या तारा खोल होत्या, हात पोचत नव्हता.

"तुमचा हात बारीक आहे, न्याबो," वालुसिम्बी पक्कड पुढे करत म्हणाले. "घाला आत."