माशांचं पुस्तक

उन्मेषने पान उलटलं आणि हात मागे घेतला. झिरझिरीत कागदाखाली सुरमई होती. अंगावरचे करडे पट्टे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने रंगवलेले. पुढच्या पानावर पाखट, त्यापुढे शेवंड. एकही चित्र गहाळ नव्हतं.

"सासऱ्यांनी लिलावात घेतलं होतं," पद्मजाबाई म्हणाल्या. "मी वर्गात न्यायचे, पण कुणाला हात लावू द्यायचे नाही."

शाळेत त्या उन्मेषला जीवशास्त्र शिकवायच्या. आता मांडवीतलं घर बंद करून लेकीकडे पुण्याला निघाल्या होत्या. जुन्या पुस्तकांचा आणि चित्रांचा धंदा करणारा त्यांच्या ओळखीत तोच एकटा, म्हणून त्यांनी बोलावलं होतं.

"याचं काय करशील तू?"

बाईंशी खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"चित्रं कापून सुटी विकतो, बाई. हॉटेलवाले फ्रेम करून लावतात. अख्खं पुस्तक कुणी घेत नाही."

बाईंनी पुस्तक मिटून मांडीवर घेतलं. 

"मंगळवारी ये," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुकान उघडायचा, बसायचा, उठायचा. भाट्याच्या पुलापर्यंत स्कूटर नेऊन उगाच परत यायचा. गेल्या वर्षी गोव्यातल्या एका हॉटेलात, त्यानेच पक्ष्यांच्या पुस्तकातून कापून विकलेला खंड्या संडासाकडे जाणाऱ्या बोळात टांगलेला दिसला होता. काचेआड बुरशी चढलेली. तेव्हा तो हसला होता. आता तो खंड्या डोळ्यांपुढून हलेना.

"एवढं जिवाला लागलंय तर ठेवून घ्या ना आपल्याकडे," जेवताना बायको, वैदेही, म्हणाली. "ताटातला भात बघा, गार झाला."

"एका हॉटेलला या चित्रांचा शब्द दिलाय."

"मग तो परत घ्या."

मंगळवारी सकाळी त्याने हॉटेलला फोन लावला आणि माशांची चित्रं मिळणार नाहीत म्हणून सांगितलं. समोरचा माणूस नाही नाही ते बोलला. उन्मेषने सगळं ऐकून घेतलं. बाईंनाही कळवावंसं वाटलं, पण त्यांचा फोन आधीच बंद झाला होता. तो तसाच निघाला. पुस्तक अख्खंच राहील, हे ऐकून बाई काय म्हणतील, याचा विचार करत त्याने मांडवीचं वळण कधी घेतलं ते त्यालाही समजलं नाही.

दार उघडंच होतं. ओटीवर बांधलेली गाठोडी. बाईंनी हसून त्याला आत घेतलं.

टेबलावर धुतलेली सुती साडी अंथरून त्यावर चित्रं ठेवली होती. सुटी. एकावर एक, मध्ये झिरझिरीत कागद. शेजारी पुस्तकाचे पुठ्ठे आणि मजकुराची पानं, आतून खचल्यासारखी.

"तू कापणारच होतास," बाई म्हणाल्या. "म्हटलं, दुसऱ्याच्या हाताने नको. पहिलं पान फार जड गेलं. मग हात बसला."

उन्मेष टेबलाशी वाकला.

"कडा सरळ आल्यात ना रे?"

त्याने सुरमई उचलली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. पातं कुठे भरकटलं नव्हतं. फक्त शेपटीजवळ एकदा थांबलेलं दिसत होतं.

"एकदम सरळ, बाई," तो पाठमोराच म्हणाला. "मला इतकं जमलं नसतं."