अद्याप यायचे आहेत

आगमन-आयुक्त साहेबांनी दोनशे नोटिशींवर डोळे मिटून सह्या केल्या होत्या. त्यातली एक आपल्याच आईच्या नावाची आहे, हे त्यांना आई समोर येऊन बसली तेव्हा कळलं.

साहेब किल्ल्या बनवणाऱ्या परदेशी माणसाचे चिरंजीव. पण 'जुनी घडी' पक्षाच्या सभेत ते शिस्तीवर बोलू लागले की पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले लोकही माना डोलवत. साहेब बोलत ते मनापासून. वडिलांच्या दुकानात प्रत्येक किल्ली आपापल्या खिळ्यावर असे, देशही तसाच असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. पक्षाने त्यांना या खुर्चीवर नेमलं आणि त्यांनी नियम काढला: ज्याच्या आगमनाची नोंद पूर्ण नाही, तो आलेलाच नाही, त्याने महिन्याभरात घर रिकामं करावं.

"आई, तू इथे काय करतेस?"

"तूच बोलावलंस. खाली सही तुझी आहे. जरा नीट काढत जा, शेवटचं अक्षर पळाल्यासारखं दिसतं."

हेडक्लार्क बाई खाकरल्या. "साहेब, ठरलेले प्रश्न."

साहेबांनी कागद ओढला. "कुठून आलात?"

"घरून."

"त्याआधी?"

"जिन्याने. लिफ्ट बंद आहे तुमची."

बाईंनी 'जिना' असं लिहून घेतलं आणि जुनी फाइल उघडली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, बंदरावरच्या खिडकीत, साहेबांच्या वडिलांनी स्वतःच्या आणि आईच्या एकत्र अर्जावरची सगळी उत्तरं बरोबर दिली होती. शिक्का उचललेला होता. तेवढ्यात ते उठले आणि सवयीने म्हणाले, "बरंय, येतो." निघताना 'जातो' म्हणणं त्यांच्या घरात कुणाच्या जिभेवर यायचंच नाही. दुभाष्याने शब्दाला शब्द लावला. कारकुनाने शिक्का खाली ठेवला आणि लिहिलं: 'अर्जदार येतो म्हणाले. अद्याप यायचे आहेत.'

"म्हणजे बाबा एक्केचाळीस वर्षं..."

"यायचेच आहेत," बाई म्हणाल्या.

"अहो, ते वारले. सहा वर्षं झाली."

"तशी नोंद घेता येणार नाही. न आलेला माणूस वारेल कसा?"

"मग मी उगाच रडले म्हणायचं," आई हळूच म्हणाली.

बाईंनी फाइल साहेबांपुढे सरकवली. 'आल्या नाहीत' असं लिहिलं, तर आईचं घर जाणार. 'आज आल्या' असं लिहिलं, तर घर राहील; पण आई-वडील येण्याआधीच जन्मलेल्या माणसाला सरकारी पद नाही. हे सातवं कलम, साहेबांनी स्वतः लिहिलेलं, आणि त्यावर त्यांना टाळ्याही पडल्या होत्या.

फोन वाजला. पक्षाध्यक्ष. बातमी जिन्यावरून वर गेलेली दिसत होती.

"अरे, कलम काय तुझ्यासारख्यांसाठी आहे? तू आपला माणूस. तुझ्या आईपुरता अपवाद करून टाक."

"बाकीच्या एकशे नव्व्याण्णव जणांचं काय?"

"ते कुठे आपले आहेत?"

साहेबांनी फोन खाली ठेवला.

"घराचं एवढं मनावर घेऊ नकोस," आई म्हणाली. "सामान असं काय आहे माझं. पण आलेच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. खोटं मला जमत नाही. बोटीत अकरा दिवस उलट्या करत आले मी. तू पोटात होतास, फुकट आलास."

"बाई, ही बोट कुठे लिहायची?"

"बोटीला रकाना नाही, साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलं: 'आज आल्या. सकाळी अकरा वीस.' खाली सही केली. शेवटचं अक्षर नीट काढलं.

बाईंनी शाई वाळू दिली आणि अदबीने उभ्या राहिल्या. "आता या खुर्चीत आपल्याला बसता येणार नाही. बाहेर बाकावर बसा. नाव पुकारू."

बाकावर दाटीवाटी होती. आईने पिशवी मांडीवर घेऊन मुलाला अर्धी जागा करून दिली. शेजारची शिवणकाम करणारी बाई या कोटवाल्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होती.

"माझा मुलगा," आई तिला म्हणाली. "आजच आलोय आम्ही. ह्याच्याजोगं काही काम असलं तर बघा हो. अक्षर बरं आहे त्याचं."