जो बोलेल त्याच्यावर उजेड

यादोरावांना ओटा हवा होता. सिमेंटचा, कमरेइतका उंच, वर पाच खुर्च्या आणि मधल्या खुर्चीत ते स्वतः. पंधरा वर्षं सरपंच होते, आता नाहीत, पण खुर्चीची सवय काही सुटली नव्हती. आणि मी, दामिनी, याच गावची पोर, नागपुरात शिकून आर्किटेक्ट झालेली, गावाचं नवं सभागृह बांधलं ते ओट्याशिवाय. त्यांना ते फारच झोंबलं.

ओटा गेला एका चित्रामुळे. काम मिळालं तेव्हा मी ग्रामसभा मोबाइलवर टिपल्या आणि जुन्या हॉलच्या नकाशावर जो जिथून बोलला तिथे लाल ठिपका दिला. ओट्याभोवती ठिपक्यावर ठिपका पडून नुसता लाल गोळा झाला. वऱ्हांड्यात, जिथे बाया बसतात, तिथे कागद पांढराफटक. यादोरावांना दाखवलं तर म्हणाले, "बायायले बोलाचंच नसते, तं ठिपका कुठून येनार?"

माझं डोकंच फिरलं. त्या चित्रावरूनच मी इमारत काढली. बैठक गोल. वऱ्हांडा नाहीच. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, गर्दी वाढली की ढकलून उघडायच्या. छताला बारके माइक, आणि जिथून आवाज येईल तिथला दिवा आपोआप मोठा होणार. म्हटलं, बघते आता कोण कोणाला झाकतं.

पहिल्याच सभेत बाया आत येऊन बसल्या आणि चिडीचूप झाल्या. वऱ्हांड्यात निदान कुजबुजायच्या तरी. सभा संपल्यावर शामकलाने मला गाठलं. ती माझी शाळेतली मैत्रीण, आता यादोरावांची सून.

"काऊन वो, डोस्क्यावर दिवा लावून देल्ला तू! सासऱ्यासमोर कोणती सून बोलून राहिली, ते साऱ्या गावाले दिसते. कोण तोंड उघडनार?"

सासऱ्यासमोर सुनेने बोलायचं नाही, हे पाहतच मी मोठी झाले. तरी नकाशा काढताना ते मला आठवलं नाही. स्वतःचाच भयंकर राग आला.

यादोरावांनी संधी साधली. पुढच्या ग्रामसभेत ठराव आला: दिवे काढा, ओटा बांधा.

"पाहा," ते उभं राहून म्हणाले, "उजेड बी माणसायच्याच डोक्यावर पडते, बायायच्या नाही. मंग कायले पायजे हे नाटक? कोणाचा विरोध हाय?"

गोलाच्या अर्ध्या भागात बाया बसल्या होत्या, तिथे अंधुकच होतं. मी उठले. "माझा!"

"तुह्या मताचं काय करू, पोरी? तुहं नाव नागपूरच्या यादीत हाय."

खरंच होतं. मतदार मी नागपूरची. माझं सभागृह माझ्या डोळ्यांदेखत जात होतं आणि मला हातही वर करता येत नव्हता.

तेवढ्यात बायांतून गुणगुण आली. गाणं रोवणीचं, भातलावणीचं होतं.

"मामाजी उभे बांधावर, छत्री त्यायच्या डोक्यावर, चिखल आमच्या पायावर..."

धानाची रोवणी चालू असताना सासरा, म्हणजे मामाजी, बांधावर उभा असतो आणि वाकलेल्या सुना गाण्यातून त्याची टर उडवतात. सगळ्या एका सुरात गातात, म्हणून सुरुवात कोणी केली ते कुठल्याच सासऱ्याला आजवर कळलेलं नाही.

गुणगुण वाढली तसे चार-पाच दिवे एकदमच लागले, मग पुढची सगळी रांग. बायांचा भाग लख्ख झाला. नकाशावरची ती पांढरी जागा माझ्या डोळ्यांसमोर भरली. पुरुष हसू लागले, तसे त्यांचेही दिवे लागले.

"चूप!" यादोराव ओरडले. "सुरू कोणं केलं?"

गाणं थांबलं. दिवे मंद झाले. कोणी सांगितलं नसतं तर ते कळलंही नसतं; दिवे एकदमच लागले होते.

पण शामकला उठली. पदर डोक्यावर, मान खाली.

"म्या केलं, मामाजी." तिच्यावरचा दिवा भक्कन मोठा झाला. तिने मान वर केली. "ओटा नाही पायजे. माहा विरोध लिवा."

"माहा बी," शेजारची म्हणाली. "माहा बी लिवा." "माहा बी." उजेड बाईबाईवरून पुढे सरकत गेला आणि ग्रामसेवक खाली मान घालून लिहीत राहिला.

ठराव पडलेला दिसताच यादोराव खाली बसले. त्यांच्यावरचा दिवा हळूहळू मंद झाला.