गुडघ्याच्या तुकड्याला दारू

सासऱ्यांच्या सुजलेल्या गुडघ्याबद्दल घरात प्रत्येकाला मत होतं. सासूबाई म्हणायच्या, वात. मोठ्या सुनेचा नवरा म्हणायचा, वय. धाकटा दीर हाडांचा सर्जन, त्यामुळे त्याच्याकडे मत नव्हतं, तारीख होती. सोमवारी सांधा बदलायचा.

"संधिवाताने खाल्लाय तो. आता काय त्याचं लोणचं घालायचंय?"

सासरे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबला, पण पोटच्या पोराला ब्रेक लागेना. त्यांनी मोठ्या सुनेला बाजूला घेतलं. "सूनबाई, तू हो म्हणालीस तरच कापू देईन."

सून पॅथॉलॉजिस्ट. माणसांचे तुकडे मेणात बसवायचे, कागदाहून पातळ कापायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोगाचं नाव सांगायचं, हे तिचं काम. घरच्यांच्या भाषेत, "ती लॅबमध्ये असते."

गुडघ्यातून तपासायला पाणी निघालं नव्हतं. रक्तातलं युरिक अ‍ॅसिडही तपासणीच्या दिवशी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं शहाण्यागत वागलं होतं. मग दिराने दुर्बीण घालून सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढला आणि सवयीने, तुकडे टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला.

काचपट्टीवर मधे ओसाड जागा आणि भोवती पेशींचा गराडा दिसला. भाडेकरू सामानासकट पळाल्यावर शेजारी दारात जमतात ना, तसा. सुनेला हे शेजारी ओळखीचे वाटले. पळालेला भाडेकरूही.

"भाऊजी, हा गाऊट दिसतोय," ती घरी म्हणाली. "पण त्याचे युरिक अ‍ॅसिडचे खडे फॉर्मॅलिनच्या पाण्यात विरघळतात. पुरावा धुऊन तुम्ही मला तपासाला बसवलंत. दुसरा तुकडा द्या, शुद्ध अल्कोहोलमध्ये."

"वहिनी, सोमवारी अख्खा गुडघाच देतो की. बघत बसा निवांत."

"शिवून झाल्यावर माप घेता का तुम्ही?"

सासऱ्यांनी मात्र भलत्याच शब्दावर कान टवकारले. "अल्कोहोल? म्हणजे मला ही संध्याकाळी मोजून पेला देते, आणि तुकड्याला अख्खी बाटली?"

"ती बाटली पिऊन बघा," सासूबाई म्हणाल्या, "मग कुठलंच ऑपरेशन उरायचं नाही."

"काढ रे दुसरा तुकडा," सासरे म्हणाले. "माझा नाही तर नाही, त्याचा तरी पाहुणचार होऊ दे."

या वेळी सून स्वतः बाटली घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहिली. पुढेही तिने तुकड्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. असे खडे उजळवणाऱ्या ध्रुवित प्रकाशात काचपट्टी धरली, तर काळोखात खड्यांच्या सुयाच सुया चमकल्या. भाडेकरू घरीच सापडला.

दिराने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही.

"हं," तो शेवटी म्हणाला. "मला आधीपासून शंका होतीच."

आणि सोमवार त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी गुडघ्याला देऊन टाकला.

"बाबा, गुडघा वाचला!" सुनेने घरात पाऊल टाकताच सांगितलं. "गाऊटच आहे. गोळ्यांनी आटोक्यात येईल."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "सूनबाई, तू माझी लेक आहेस, लेक!"

"फक्त पेला बंद. कायमचा. आणि मटणही जवळजवळ बंदच."

सासऱ्यांनी लेकीकडे पाठ फिरवून धाकट्याला हाक मारली.

"काय रे, तो सोमवार परत मिळतो का बघ. तू निदान नुसता गुडघाच मागत होतास."