वामन मास्तरची शपथ

चूक सगळ्यायकडून होते, असं मले कोणी सांगू नका. सांगाले आलेल्या दोन बायायले मी दारातूनच हाकललं. मी ठमाबाई, आरमोरीजवळच्या आमच्या गावच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्ष. वामन मास्तर माहा नवरा.

जिल्ह्यात दारूबंदी होऊन दहा वर्सं झाले होते, पन मोहाची हातभट्टी काही मरत नव्हती. आमी बायायनं मडके फोडले. पिणाऱ्यायले समाजमंदिरासमोर उभं करून माइकवर शपथ घ्याले लावली. सख्ख्या भावालेही मी सोडलं नाई. अन् त्याच साली मास्तरच्या पापण्या खाली येऊ लागल्या.

सकाळी मानूस ठणठणीत. पहिला तास असा शिकवे का रस्त्यावर ऐकू ये. दुपारून जीभ जड, बोलणं नाकातून, अन् दिवस मावळता मावळता मान छातीवर. घास तोंडातच राहे. शाळेतले पोट्टे घरी जाऊन त्याच्या नकला करत. मी त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता. तं मी म्हनलं, हा पक्का दारुड्या, वास माराले जांबाचा पाला चावून येऊन राह्यला. तो म्हने, मले काहीतरी झालं आहे. मी म्हनलं, झालं ते साऱ्या गावाले दिसून राह्यलं, नाक कापलं तुमी माहं. चार महिने हेच. बोलणं कमी, भांडे आपटणं जास्त.

शेवटी मीच बैठक बोलावली. मास्तरले दोन दिसापासून ताप होता, तरी बोलावली. शपथेची वेळ ठरलेली, लोक कामावरून आल्यावर, सांजची. मास्तरनं हात जोडले, शपथ घेतो पन सकाळी घ्या म्हनला. मी माइकवरच उत्तर देल्लं, "सकाळी तं उतरलेलीच असते." सारं गाव हसलं. मले बरं वाटलं, खोटं काऊन सांगू.

आमच्या मंडळातली म्हातारी बुधरी तेवढी उठून माह्याजवळ आली. "थांबव हे बाई," ती म्हनली, "तुहाच मानूस आहे तो." मी म्हनलं, आपला-परका पाहत बसलो तं मंडळ बुडते. दंडाले धरून मी तिले खाली बसवलं.

मास्तरनं माइक धरला. तीन-चार शब्द नीट आले. मंग आवाज नाकात गेला, जबडा लोंबला. एका हातानं जबडा वर धरून तो बोलाले पाहे, अन् लोक पोट धरून हसत. कोणीतरी पानी पाजलं, ते नाकातून बाहेर आलं. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. माइक हिसकून मी साऱ्यायच्या समोर त्याले बेशरम म्हनलं. तो खाली बसला, मंग आडवा झाला. त्याची छाती हलत नव्हती. ओठ निळे पडले तवा कुठी हसणं थांबलं.

आरमोरीच्या डॉक्टरनं तोंडावर हवा भराचा फुगा लावला, अन् तो दाबत दाबत जीपनं नागपूर गाठलं. नऊ दिवस मास्तर मशीनवर श्वास घेत होता.

तिथली डॉक्टर निशात मॅडम चंद्रपूरची. मी पहिलं विचारलं, दारूनं झालं का? तिनं माह्याकडं असं पाह्यलं का जमीन फाटून मले पोटात घेईन तं बरं, असं वाटलं. दारूचा याच्याशी काही संबंध नाई, ती म्हनली. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यातल्याच काही पेशी बाकीच्यायले आवरतात, हा आपला आहे, याले मारू नका म्हनतात. टी-रेग म्हनतात त्यायले. मास्तरच्या अंगात हे आवरणारे कमजोर पडले, म्हनून अंगानं आपल्याच नसा अन् स्नायूच्या जोडावर हल्ला केला. थकला का स्नायू काम सोडून देते, आराम भेटला का परत उठते, म्हनून सकाळी बरा; तापात तं श्वासाचेही स्नायू थकले. आता गोळ्या जन्मभर. आवरणाऱ्यायलेच बळ देणारं औषध शोधून राह्यले म्हने, पन ते अजून आलं नाई. मी मान हलवत राह्यली. डोळ्यासमोर बुधरीच होती.

दहाव्या दिवशी सकाळी घशातली नळी काढली. मी पाण्याचा चमचा तोंडाशी नेला अन् लागली मॅडमचं सारं सांगाले. तुमच्या अंगातल्यायनं आपला मानूस वळखला नाई म्हने. माफी मागाची सोडून मी त्या पेशींवर ढकलून राह्यली होती.

मास्तरनं सारं ऐकून घेतलं. चमचा हातानं बाजूला सारला.

"त्यायले डोळे नाईत, ठमे," तो म्हनला. "तू तं सोळा वर्सं माह्या संग जेवली."

एकही शब्द अडकला नाई. मंग म्हनला, माह्या बहिणीले बोलावून घे, अन् तू घरी जाय.