खाऱ्या पाण्याचं अक्षर

गॅस बंदच होता.

उर्मिला अकराव्या मजल्यावरच्या आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून शेगडीकडे बघत राहिली. बटणं सरळ, कुकर गार. एवढ्यासाठी ती शेजारच्या आजोबांना खाली एकटं सोडून आली होती. "दोनच मिनिटं हं," असं त्यांना मराठीतच सांगून, वर दोन बोटं दाखवून. मग लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली, चावी पर्सच्या तळाशी जाऊन बसली, आणि दोनाची बारा मिनिटं झाली.

ती खाली परतली तेव्हा आजोबा नव्हते. बादली नव्हती, ब्रशही नव्हता.

आजोबा म्हणजे शेजारच्या रुईलानचे वडील. वय ब्याऐंशी. बायको गेल्यावर लेकीने त्यांना चीनहून इथे आखातात, अल रीम आयलंडवर आणलं, आणि स्वतः सकाळी सातला ऑफिसला जाऊ लागली. आज शुक्रवारी त्यांना सांभाळणारी बाई आजारी पडली, रुईलानची दुबईत मीटिंग होती. "एक दिवस बघाल का?" तिने विचारलं. उर्मिला म्हणाली, त्यात काय एवढं.

आजोबांचा छंद तसा निरुपद्रवी. त्यांच्या गावी म्हणे म्हातारी माणसं सकाळी बागेत जमतात आणि कमरेएवढ्या उंच ब्रशने, नुसत्या पाण्याने, फरशीवर अक्षरं काढतात. शाई नाही, कागद नाही. वाळलं की पुन्हा लिहायचं. ब्रश त्यांनी चीनहून शर्टात गुंडाळून आणला होता. बादली मात्र उर्मिलाची, दह्याची, दोन किलोची. एक अक्षर काढायचं, एक पाऊल मागे यायचं, त्याच्या खाली दुसरं. फरशी पुसणारी बाई पुसलेल्यावर पाय पडू नये म्हणून जशी मागे मागे सरकते, अगदी तसं. मागे वळून ते कधी बघत नसत. म्हणून त्यांची राखण म्हणजे एवढीच, त्यांच्या पाठीमागे उभं राहायचं.

आणि तेवढंही आपल्याला जमलं नाही.

"हम्मादभाई, बाबाजी को देखा?" तिने वॉचमनला विचारलं.

"अभी तो इधर थे, मॅडम. बकेट लेके." हम्माद काउंटरवरून उठला आणि पुन्हा बसला. त्याला जागा सोडायची परवानगी नव्हती. "मैं कॅमेरा देखता हूँ. आप बाहर देखो, यल्ला, जल्दी."

मे महिना, सकाळचे साडेआठ, आणि बाहेर एक्केचाळीस अंश. आजोबांकडे फोन नाही. इंग्रजी नाही, हिंदी नाही. उर्मिलाने शिकवलेला 'बसा' एवढा एक शब्द, आणि चहाला ते 'चा' म्हणत, तेवढं एक दोघांचं सारखं. एवढ्या भांडवलावर माणूस या शहरात कुणाला काय सांगणार? तिने चालता चालता नवऱ्याला फोन लावला. वासुदेव मुसफ्फात वर्कशॉपला होता, मागे ग्राइंडर किंचाळत होता.

"हरवले म्हणजे? माणूस आहे का किल्ली?"

"गॅस बघायला वर गेले होते."

"तुझा तो गॅस," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "पोलिसांना कळव. आणि रुईलानला."

"पाच मिनिटं थांब."

तिने रुईलानचा नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. काय सांगायचं? तुझे वडील मी कुकरसाठी सोडले?

इमारतीच्या सावलीत तिला पहिलं अक्षर दिसलं. अक्षर कसलं, ओल जाऊन उरलेली नुसती कड. ती बघत असतानाच ती कडही गेली. चहा गाळून होईपर्यंत इथे फरशी कोरडी होते. चार पावलांवर दुसरं, थोडं जास्त ओलं. त्याच्यापुढे तिसरं. तेच ते. डोक्यावर अनुस्वारासारखं टिंब, मध्ये काठी, खाली दोन्हीकडे फाकलेले पाय. चिनी तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण हे अक्षर ती झोपेतही ओळखली असती. पूर्वी आजोबा नाना प्रकार लिहीत. ती भाजी आणायला जाता येता बघायची. गेला महिनाभर ते फक्त हे एकच लिहीत होते. काहीतरी विसरत चाललेत, हे तिला दिसत होतं. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला बोला, म्हणून ती गप्प राहिली होती.

टिंब तिच्याकडे होतं, पाय पलीकडे. म्हणजे आजोबा पायांच्या दिशेने गेले. उलटे. पाठ पुढे करून.

ती धावायला लागली. पन्नाशीतली बाई, सलवार-कमीज, पायात घरातल्या सपाता. कोपऱ्यावर अक्षरं वळली आणि रस्त्याकडे निघाली. तिने देवाचं नाव घेतलं, कुठल्या देवाचं ते तिलाही कळलं नाही. झेब्रा क्रॉसिंगवर एक अक्षर होतं. त्याचा डावा पाय हातभर लांब ओढला गेला होता. ओल्यावरून टायर गेलं होतं.

उर्मिला तिथेच थिजली. एका गाडीने हॉर्न दिला. तिने खाली वाकून त्या ओल्या पट्ट्याला बोट लावलं आणि बोट बघितलं. पाणी. नुसतं पाणी. मग पलीकडच्या फुटपाथवर टिंब दिसलं, आणि तिला इतकं हायसं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

पुढे समुद्राकाठचा चालायचा रस्ता. तिथे अक्षरं ठळक होती, म्हणजे आजोबा जवळच होते. एक, दोन, तीन. चौथ्याला टिंब होतं, अर्धी काठी होती, पाय नव्हते. ब्रश नुसताच खरडल्याच्या चार रेघा. बादलीतलं पाणी संपलं होतं.

आणि समोर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर आडवा ठेवलेला ब्रश, आणि आजोबांचे कापडी बूट, शेजारी शेजारी, देवळाबाहेर ठेवावेत तसे.

तिला पुढे जाववेना. पायऱ्यांपाशी जाऊन खाली बघणं म्हणजे जे काय असेल ते बघणं. तिने बुटांकडे बघून घेतलं. मोजे आत नीट घडी करून ठेवले होते. मग ती गेली.

आजोबा खालच्या पायरीवर नडगीभर पाण्यात वाकून उभे होते, पाठमोरे. दह्याची बादली पाण्यात दाबत होते आणि ती वर उसळत होती. पायऱ्या हिरव्यागार, शेवाळ्याने गुळगुळीत.

हाक मारली तर दचकतील. उर्मिला देवगडची, जन्म समुद्राकाठी गेला, पण पोहता येत नव्हतं ते नव्हतंच. ती पहिल्या पायरीवर बसली आणि लहान मुलासारखी बसूनच एकेक पायरी सरकू लागली. कपडे भिजले. पाणी गरम होतं, तापत ठेवलेल्या पाण्यासारखं. ती दोन पायऱ्यांवर आली तेव्हा आजोबांनी वळून बघितलं.

"बसा," ते अगत्याने म्हणाले.

"बसलेय," उर्मिला म्हणाली. "आजोबा, चहा. चला. चहा."

"चा," ते म्हणाले, आणि वळताना त्यांचा पाय सटकला.

तिने मिळेल ते धरलं. शर्टाची पाठ हातात आली, एक बटण टपकन पाण्यात पडलं. आजोबा तिच्या मांडीवर आदळले, बादलीसकट. वजन किती कमी होतं त्यांचं. दोघं तशीच बसून राहिली, ती त्यांना कवटाळून आणि ते बादलीला.

वर आल्यावर ती फरशीवरच टेकली. आजोबांना मात्र पाणी मिळालं होतं. त्यांनी बादलीत ब्रश बुडवला आणि तीन अक्षरं काढली, टिंब, काठी, पाय, सगळं शाबूत. ती त्यांच्यामागे, पायऱ्यांच्या बाजूला, आडवी भिंत होऊन बसली आणि लिहू दिलं.

संध्याकाळी रुईलान द्राक्षांची पेटी दोन्ही हातांनी पुढे करत आली. "त्रास नाही ना दिला?"

"छे, अजिबात नाही," उर्मिला म्हणाली. बटणाचं कुणी विचारलं नाही. आजोबा काही सांगू शकत नव्हते. वासुदेवला तिने डोळ्यांनी गप्प केलं. खलास.

शनिवारी सकाळी ती समुद्राकाठी फिरायला गेली आणि पायऱ्यांपाशी गार पडली. करड्या दगडावर तीन अक्षरं होती. पांढरी. आजोबांचं गोडं पाणी उडून जायचं, हे खारं पाणी मीठ ठेवून गेलं होतं.

तिने बाटलीतलं पाणी ओतलं, सपातेने घासलं. अक्षर काळं झालं, गेलं. उन्हात दगड सुकला आणि ते पुन्हा वर आलं, फिकट, पण होतंच. ती दुसऱ्यांदा घासत होती तेव्हा मागून रुईलान आली, एका हाताने बापाचा हात धरून, दुसऱ्या हातात बादली आणि ब्रश. सुट्टीचा दिवस होता.

रुईलान अक्षरांकडे बघत राहिली. मग हिरव्या पायऱ्यांकडे, मग उर्मिलाच्या ओल्या सपातेकडे.

"हे बाबांच्या हातचं आहे," ती म्हणाली. दोघी इंग्रजीतच बोलत, दोघींचीही तोडकीमोडकी. "पांढरं का?"

"समुद्राचं पाणी आहे," उर्मिला म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. गॅस, रस्ता, टायर, बूट. आपण मागे नव्हतो तेही. थांबली तर पुन्हा जमणार नाही म्हणून, महिनाभर ते एवढं एकच अक्षर लिहितात हेही सांगून टाकलं.

"तुम्ही मला फोन करायला हवा होता."

"हो."

"कालच. आणि महिन्यापूर्वी."

"हो," उर्मिला म्हणाली.

रुईलान खाली बसली आणि त्या मिठावरून बोट फिरवलं. "ब्रशने लिहायला लागलं की हे पहिलं शिकवतात. लिहायचे सगळे फटकारे यात आहेत. माझा हात धरून त्यांनीच गिरवून घेतलं होतं." मग म्हणाली, "याचा अर्थ कायमचं."

आजोबांनी एव्हाना बादलीत ब्रश बुडवला होता. एक अक्षर, एक पाऊल मागे. रुईलान उठली आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिने वळून बघितलं, तेव्हा उर्मिलाही जाऊन उभी राहिली, पायऱ्यांच्या बाजूला.

आजोबा एक पाऊल मागे आले. दोघी एक पाऊल मागे सरल्या.

चौथ्या अक्षराला उर्मिलाच्या मनात आलं, गॅस बंद केला का आपण? ती जागची हलली नाही.